पांढऱ्या डब्यांसोबत पुणे

पुण्याला जाऊन आलेल्यांची आमच्या सोलापुरात वानवा नाही. कुणी शिकायला जातं, कुणी नोकरीला, कुणी लेकीच्या बाळंतपणाला आणि काही जण नुसतेच वाद घालायची हौस भागवायला. पण लघवी गोळा करायला पुण्याला गेलेला माणूस म्हणाल, तर उभ्या जिल्ह्यात मी एकटा. म्हणून हे लिहून ठेवतो आहे. यातलं निम्मं शंभर टक्के खरं आहे. उरलेलं निम्मं त्याहून खरं.

मधुरा ही माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. नाव मधुरा आणि अभ्यास मिठाचा. पुण्यात ती सार्वजनिक आरोग्याचं पदव्युत्तर शिक्षण घेते. शहरातली माणसं दिवसाकाठी किती मीठ खातात आणि त्याचं रक्तदाबाशी काय साटंलोटं आहे, हा तिच्या प्रबंधाचा विषय. मी फोनवर म्हटलं, "त्यात अवघड काय? विचारायचं लोकांना."

"मामा, तू किती मीठ खातोस?"

"चवीपुरतं."

"बघ. सगळे हेच सांगतात. पानात नुसती चिमूट घेणारा पण चवीपुरतं आणि पेरणी केल्यासारखं मीठ फेकणारा पण चवीपुरतं."

तर त्यावर शास्त्रज्ञांनी काढलेला तोडगा असा. माणूस खोटं बोलेल, पण खाल्लेलं मीठ लघवीतून बाहेर पडतं आणि ती खोटं बोलत नाही. म्हणून माणसाला एक मोठा पांढरा डबा द्यायचा. सकाळी उठल्यावरची पहिली वेळ सोडून द्यायची. मग दिवसभरातली, रात्रीची आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली, अशी सगळी त्या डब्यात. एक वेळ चुकली की डबा बाद.

हे डबे आणायला ती रिक्षा करायची. एका रिक्षावाल्याने विचारलं, "ताई, तेल का?" आमची सत्यवचनी पोरगी खरं बोलून गेली. त्या रिक्षावाल्याने भर चौकात तिला डब्यांसकट उतरवलं आणि पुढे, मी ऐकलं त्याप्रमाणे, रिक्षाच विकून टाकली. म्हणून मामाची आठवण झाली. माझी एक जुनी व्हॅन आहे. वर्षानुवर्षं शाळेची पोरं वाहून तिच्या सीटना अजून बिस्किटांचा वास येतो. म्हटलं, पोरांपेक्षा डबे गुणी. खिडकीतून हात काढत नाहीत आणि एकमेकांच्या तक्रारी सांगत नाहीत.

पेच मात्र खरा होता. तिच्या अभ्यासात माणसांचे गट होते. त्यातला एक गट असा, की घर शहराने गिळलेल्या गावातलं आणि नोकरी मात्र काचेच्या इमारतीत. या गटातली माणसं पटापट नाही म्हणत होती. ऑफिसात डबा घेऊन कोण जाणार? गाइडबाईंनी सांगून टाकलं होतं, "या गटात आणखी एक डबा कमी झाला तर गट धरता येणार नाही. एक प्रकरण गळेल, प्रबंध सहा महिने पुढे जाईल." प्रयोगशाळा डबे घेणार ती शनिवार दुपारपर्यंतच. आणि इकडे सोलापूरजवळच्या एका प्रकल्पात मधुराची नोकरी ठरलेली, पदवी वेळेत हातात आली तरच. म्हणजे पोरगी घरी येणार की नाही, हे एका डब्यावर टांगलेलं होतं. तो डबा वाघोलीत होता.

विश्रांतवाडी, बुधवार

पण पहिला मुक्काम विश्रांतवाडी. तिथे आठवले सर राहतात. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, जन्म पेठेतला, निवृत्तीनंतर आळंदी रस्त्याच्या बाजूला फ्लॅट घेतला. दार उघडून त्यांनी मला खालून वर पाहिलं.

"आपण?"

"मी मामा."

"कुणाचे?"

"हिचा."

"माझे नव्हेत ना? मग चपला बाहेर काढा आणि या."

त्यांच्या डब्यावर मापाच्या खुणा त्यांनी स्वतः पेनने काढल्या होत्या, कारण कंपनीने काढलेल्या त्यांना पटल्या नव्हत्या. मधुराच्या सूचनापत्रावर लाल शाईने दुरुस्त्या होत्या.

"आपण इथे 'सकाळी उठल्यावर' म्हटलंय. मी उठतो तेव्हा सूर्यही झोपलेला असतो. ती रात्र धरायची की सकाळ?"

"तुम्ही उठलात की सकाळ, सर."

"मग तसं छापा. लोक काय, आपल्या सोयीने उजाडवतात."

मग पोहे आले. मिठाची बशी वेगळी. मी चमचा उचलला तसे सर म्हणाले, "घ्या, घ्या. बघतोय मी." त्या नजरेपुढे मी आयुष्यात पहिल्यांदा आळणी पोहे खाल्ले आणि छान झालेत म्हटलं. निघताना त्यांनी डब्याची पोच मागितली. "उद्या माझी लघवी दुसऱ्याच्या नावावर खपवलीत तर?"

यावर मी बराच विचार केला आहे. आमच्या सोलापुरात असा डबा मागायला गेलं असतं तर प्रत्येक घराने हो म्हटलं असतं, बसवून घेऊन सरबत पाजलं असतं, जाताना शेंगाचटणी बांधून दिली असती आणि डबा काही कधी दिला नसता. पुण्यात दारातच नाही म्हणतात. पण एकदा का हो म्हटलं, की थेंबाला थेंब लागतो. माणसाला आमची तऱ्हा बरी. शास्त्राला मात्र पुणेकर बरा.

मी सरांचा डबा सोलापुरी चादरीत गुंडाळला आणि पुढच्या सीटला पट्टा लावून बसवला. मधुरा मागे बसली.

वाघोली, गुरुवार

नगर रस्त्याच्या गर्दीबद्दल मी फार बोलणार नाही. एवढंच सांगतो, की एका सिग्नलला थांबलो तेव्हा शेजारच्या गाडीतलं जोडपं मुलासाठी मुलगी बघायला निघालं होतं. सिग्नल सुटला तेव्हा त्यांच्या नातवाचं बारशाचं नाव ठरत होतं.

वाघोलीला मोठमोठ्या इमारतींच्या मधोमध एक बसकं घर उरलेलं आहे. पुढे लिंबाचं झाड, मागे गोठा, आणि गोठ्याच्या मागे लगेच चौदा मजले. म्हशीने वर पाहिलं की तिला लोकांचे वाळत घातलेले कपडे दिसतात. या घराच्या मालकीण अक्का. त्यांची सून स्वाती खराडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला. आमचा डबा स्वातीचा. मधुराने तो आदल्या दिवशी सकाळीच तिच्या ताब्यात दिला होता.

आम्ही पोचलो तेव्हा अक्का डबा घेऊन ओट्यावर उभ्याच होत्या.

"घे गं पोरी. गच्च भरलाय. जपून, सांडू नगंस."

मधुराचा चेहरा उजळला. मग तिने डबा उचलला आणि उजेड हळूहळू मावळला. मी गाडीवाला माणूस, टाकीचा अंदाज मला आहे. स्वाती म्हणजे फुंकर मारली तर पडेल अशी. एवढं पाणी तिच्या अंगात असतं तर तिला वाघोलीचं धरण म्हटलं असतं.

"अक्का, हे सगळं स्वातीताईंचं एकटीचं आहे?"

"तिचंच की. म्हंजे आता कसं हाय, तिचं निम्मंच झालं होतं." अक्का जराही लाजल्या नाहीत. "लेकीबाळीचं भांडं निम्मं कसं धाडायचं? रीत हाय का ती? मग मी भर घातली. तरी रिकामं दिसतंय म्हनल्यावर आमच्या ह्यांनीबी हातभार लावला."

ओसरीवर बसलेल्या 'ह्यांनी', म्हणजे अक्कांच्या यजमानांनी, कर्तव्य पार पाडल्यासारखी मान हलवली.

आता मला सांगा, चूक कुणाची म्हणायची? शेजारणीची वाटी आली तर ती रिकामी परत करायची नाही, हे आपल्याला आईच्या दुधातून मिळालेलं. साखर घाल, शेंगा घाल, काहीच नसलं तर दोन मिरच्या टाक, पण रिकामं देऊ नको. सूचनापत्रात सगळं लिहिलं होतं, फक्त हे लिहायचं कुणाला सुचलं नव्हतं.

मधुरा ओट्याच्या पायरीवर बसली. हसावं की रडावं ते तिच्या चेहऱ्याला ठरवता येईना, म्हणून तो दोन्ही करत होता. एवढ्यात स्वाती ऑफिसला जायच्या तयारीत बाहेर आली आणि तिला सगळं कळलं.

"सॉरी गं मधुरा. मी काल ऑफिसमध्ये डबा नेलाच नाही. आमच्या फ्लोअरवर कुणी बघितलं असतं तर? संध्याकाळी घरी आल्यावर जेवढं जमलं तेवढं केलं. आणि आईंना सांगितलं की मी काही सांगणार नाही, तुम्ही पण सांगू नका."

"मी कुठं सांगितलं?" अक्का म्हणाल्या. "तिनं इचारलं म्हनून बोलले."

डबा बाद. दोन्हीकडून बाद. अक्का म्हणाल्या, "मग त्या लिंबाच्या बुडाशी वत. वाया नगं जायला." ते झाड आता फळांनी असं लगडलंय म्हणतात, की वाटसरू खालून जाताना डोक्यावर टोपली धरतात.

अजून एक वाट होती. शुक्रवारी सकाळी नव्याने सुरू केलं तर शनिवारी सकाळी डबा पुरा होईल आणि दुपारच्या आत प्रयोगशाळेत पोचेल. पण शुक्रवारी ऑफिस होतं. मी स्वातीला गळ घालायला तोंड उघडलं, तेवढ्यात माझी भाची म्हणाली,

"ताई, नाही म्हटलंत तरी चालेल. तुम्ही सही केली त्या कागदावरच लिहिलंय. कधीही नाही म्हणता येतं, कारण सांगावं लागत नाही."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. आमच्याकडे मुलीचा बाप स्थळाला इतकं सांगत नाही. "अगं, तुझी नोकरी!" मी तिच्या कानाशी पुटपुटलो. "मामा, गप्प," ती म्हणाली. खाली मान घालून ती रिकामा डबा उगाच पुसत बसली.

स्वाती तशीच आत गेली. अक्कांनी आम्हाला बाजरीची भाकरी, पिठलं आणि ठेचा वाढला. ठेच्यात मीठ असं होतं, की मला समुद्रच दिसला आणि तो मी अजून खरा पाहिलेला नाही. जेवताना मधुराने अक्कांच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला. तो अक्कांचाच हट्ट होता, "मलाबी बांध की!" आकडा पाहून मधुरा म्हणाली, "अक्का, डॉक्टरांना दाखवा. हे चांगलं नाही." अक्का म्हणाल्या, "मला काय धाड भरलीय?" आणि माझ्या पानात आणखी ठेचा वाढला.

हात धुतले, निघालो, गाडी सुरू केली. तेवढ्यात स्वाती खिडकीशी आली.

"मामा, उद्या मला खराडीला सोडाल का? बसमध्ये हे घेऊन नाही चढायची मी."

खराडी, शुक्रवार

खराडीच्या इमारती बाहेरून काचेच्या असतात. आत हजारो माणसं बसलेली असून बाहेर एकाचाही आवाज येत नाही. आमच्याकडे एका कापडगिरणीचा आवाज तीन गावांना पुरायचा.

मी डबा चादरीत गुंडाळून एका देखण्या पिशवीत घातला होता. वर रुमाल. कुणालाही वाटावं, आजीने नातीला डिंकाचे लाडू दिलेत. स्वातीने सकाळीच घरून सुरुवात केलेली असल्याने डबा अगदी रिकामा नव्हता. फाटकाशी सुरक्षारक्षकाने पिशवी हाताने तोलली.

"काय आहे?"

स्वाती काही बोलायच्या आत मी पुढे झालो. खोटं बोलायचं तर ते अनुभवी माणसाने बोलावं. "टिफिन आहे, साहेब."

"एवढा?"

"पोरगी अशक्त आहे."

त्याने पिशवी हलवली. आतून डुचमळलं. "पातळ आहे."

"ताक."

"उघडा." त्याने रुमाल काढला, चादर सोडली आणि डबा उजेडात धरला. "ताक असलं असतं व्हय?"

हा आपल्याकडचाच माणूस, धाराशिवकडचा. ताकाच्या बाबतीत फसणारा नव्हता. मी गोमूत्राकडे वळलो. तिथून काढ्याकडे गेलो. काढा एका वैद्याचा होता आणि वैद्य हिमालयातून नुकताच परतला होता. मागे रांग वाढत चाललेली. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली तरुण मंडळी माना उंचावून बघत होती. वैद्याला मी दुसऱ्यांदा हिमालयात पाठवणार, एवढ्यात स्वातीने माझ्या दंडाला धरलं.

"मामा, थांबा." मग रक्षकाकडे वळून, कानामागे लाल होत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं ती म्हणाली, "दादा, लघवी आहे. माझी. शहरातली माणसं किती मीठ खातात त्याच्या अभ्यासाला द्यायची आहे. उद्या सकाळपर्यंत गोळा करायची आहे. वास घेऊन बघायचा असेल तर बघा."

रक्षकाने डबा असा खाली ठेवला, जसा जागा झालेला नाग. मग त्यानेच तो नीट चादरीत गुंडाळला, रुमाल टाकला आणि म्हणाला, "जावा ताई. आमच्या आईलाबी बीपीच हाय."

रांगेतून एक मुलगी पुढे आली. "स्वाती, कसला स्टडी आहे? माझे बाबा लोणच्याशिवाय जेवत नाहीत गं."

माझी सगळी करामत अशी वाया गेली. एवढ्या कष्टाने रचलेला वैद्य कुणी शेवटपर्यंत ऐकूनही घेतला नाही.

संध्याकाळी तिला आणायला गेलो, तर ती त्या पिशवीसह फाटकातून अशी आली, जशी पालखीच घेऊन येते आहे. फ्लोअरवरच्या कितीतरी जणांना डबा हवा होता. मधुराला फोन लावून दिला, तर ही म्हणते, "तसं चालत नाही. नावं चिठ्ठ्या टाकून निघालेली आहेत." पंगतीला लोक आपणहून आले आणि यजमानीण म्हणते, चिठ्ठीत नाव असेल तरच पान मांडीन! शास्त्र आणि पाहुणचार यांचं जमणं कठीण आहे.

शनिवारी सकाळी वाघोलीला गेलो. डबा निम्म्याच्या बराच वर, पण काठाला उणा होता. प्रामाणिक, एकट्या स्वातीचा. अक्का त्याच्याकडे बघून तळमळत होत्या. दोनदा त्यांचा हात पुढे झाला आणि दोनदा त्यांनी तो पदरात गुंडाळला.

"असंच न्हेणार? उणं?"

"असंच, अक्का."

शेवटी राहवेना. आत गेल्या आणि एक पितळी डबा ठेच्याने काठोकाठ भरून माझ्या हातात दिला. "त्या डब्याचं उणं ह्यात भरलं म्हना."

नगर रस्त्याने त्या दिवशी आम्हाला कशी वाट दिली, ते सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही, म्हणून सांगत नाही. प्रयोगशाळेचं दार बंद व्हायच्या आत डबा टेबलावर होता. मधुरा बाहेर येऊन व्हॅनच्या पायरीवर बसली आणि चादरीत तोंड खुपसून भरपूर रडली. चादर सोलापुरी, सगळं शोषून घेते.

पुन्हा वाघोली

प्रबंध वेळेत सादर झाला. पदवी मिळाली, नोकरीही पक्की झाली. मला वाटलं, माझं पुणे संपलं. घरच्या फळीवर अक्कांचा पितळी डबा तेवढा उरला. ठेचा संपला होता आणि माझी बायको रोज त्या डब्याकडे बोट दाखवायची, "परत कधी करणार? आणि रिकामा न्याल तर बघा."

मग मधुराचा फोन आला. "मामा, गाडी काढशील? सगळ्या घरी जायचंय."

"आता काय गोळा करायचं राहिलं?"

"गोळा नाही करायचं. द्यायचंय. कुणाच्या डब्यात किती मीठ निघालं, ज्याचं त्याला समजावून सांगायचं. बाई म्हणाल्या, पदवीसाठी याची गरज नाही. पण भांडं उणं धाडायचं नाही, हे अक्कांकडून ऐकलंस ना तू? त्यांच्याकडून भरलेलं आणलं आणि आपण काही न देता बसायचं?"

म्हणून गेलो. आठवले सरांनी आपला आकडा चष्मा वर करून, मग खाली करून पाहिला. "बरोबर वाटतो," ते म्हणाले. "आयुष्यभर मी पेपर तपासून परत दिले. माझा कुणी दिला, तो आजच." आणि या वेळी पोह्यांत मीठ घालून आणलं.

वाघोलीला मधुरा अक्कांजवळ ओट्यावर बसली. एका घरात चूल एक आणि मिठाची मूठ एक, म्हणून सुनेच्या डब्याने अख्ख्या स्वयंपाकघराची चुगली केली होती. हवं त्याच्या दुपटीने मीठ त्या घरात शिजत होतं. मधुराने ते न भिववता सांगितलं. स्वाती म्हणाली, "आता आईंची गोळी चालू केलीय. मीच नेलं डॉक्टरांकडे. रांगेत त्या सगळ्यांना माझ्या डब्याची गोष्ट सांगत होत्या."

"सांगनार न्हाई तर काय," अक्का म्हणाल्या. "फाटकावर बोलली माझी सून."

मग मी पितळी डबा पुढे केला. बायकोने शेंगाचटणीने भरून दिलेला. मधुराने फोनवरून तिला मिठावर असं व्याख्यान दिलं होतं, की माझ्या बायकोने जन्मात पहिल्यांदा हात आखडला होता. अक्कांनी आधी डब्याचं वजन हाताने पाहिलं. भरलेला आहे म्हटल्यावर चेहरा सैल झाला. झाकण काढलं, बोट बुडवलं, चाखलं आणि माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"मामा, राग मानू नगा. आळणी हाय."

"होय, अक्का."

त्यांनी क्षणभर आत, मिठाच्या बरणीकडे पाहिलं. मग डब्यात पुन्हा बोट बुडवलं.